कोणता गुडघा

ता. ६ ऑगस्ट

चि. खटपट्यास अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सगळं जागच्या जागी आहे, तुमच्याकडचं कळव.

पत्राला उशीर झाला. लिहायला बसायचे आणि काय लिहावं ते सुचायचं नाही. हे जाऊन चार महिने होत आले. लोक विचारतात, कशी आहेस, आणि मी म्हणते, ठीक आहे. ते खोटंही नसतं. मला काही वाटतच नाही. चहा पिऊन झाला की तो गरम होता का गार, हे आठवावं लागतं.

आज लिहितेय ते गुडघ्यापायी. परवा नाट्यगृहाच्या कपडेपटात राणीच्या झग्याचा घेर टाचत होते. नेहमीसारखी जमिनीवर गुडघे टेकून, तोंडात टाचण्या धरून. उठायला गेले तर उजवा गुडघा अर्ध्यातच अडकला. सरळ होईना की दुमडेना. तोंडात टाचण्या, त्यामुळे ओरडायचीही सोय नाही. शेवटी राणीबाई आणि त्यांचा प्रधान, दोघांनी मला उचलून पेटाऱ्यावर बसवलं. पाच मिनिटांनी आत कट्‌ असं झालं आणि पाय सुटला. अशी ही सहावी-सातवी वेळ. एरवी चालता चालता मध्येच पाय दगा देतो. जिन्यावर तर त्याचा काडीचा भरवसा नाही.

कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, वयाची झीज आहे, गोळ्या घ्या, गुडघे टेकू नका. गुडघे न टेकता घेर कसा टाचायचा ते काही त्यांनी सांगितलं नाही. आमच्या कपडेपटाचे मास्तर मात्र स्पष्ट बोलले. हंगाम ऑक्टोबरात उघडतो, तोवर पाय धड झाला नाही तर मला मागच्या खोलीत बटणांच्या टेबलावर बसवणार. तीस वर्षं मी माणसांच्या अंगावर कपडा बसवला. आता घरी माणूस नाही आणि कामावरही बटणं. ते मला नको आहे. सध्या नको असं वाटणारी तेवढी एकच गोष्ट आहे.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. माया आहे तशी ठेव, काळजी थोडी कमी कर.

तुझी ताई

ता. १२ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि. आम्ही दोघं खुशाल.

तुझं पत्र गॅरेजच्या पत्त्यावर आलं, म्हणून ग्रीसच्या बोटांनीच वाचलं. कोपऱ्यावर अंगठा उमटलाय. तुझ्या टापटिपीला हे कळलं तर तू मला आजही उठाबशा काढायला लावशील, आणि गंमत म्हणजे या घडीला मी तुझ्यापेक्षा जास्त काढीन.

ताई, इथे फोरमन होऊन मला बावीस वर्षं झाली. ड्रायव्हर बस आणतो आणि सांगतो, बिघडली. मी एकच विचारतो, आवाज पहिल्यांदा कधी आला, कशावरून गेल्यावर आला. तू सहावी-सातवी वेळ लिहिलीस, पहिली लिहिली नाहीस. पाय जमिनीवर रोवलेला आणि अंग वळलं, काही जड उचलताना हिसका बसला, असं काही झालं होतं का? नीट आठव आणि लिही. झिजलेली वस्तू कुरकुरते. अशी अडून बसत नाही. आत काहीतरी तुटून अडकतंय, असं माझं अडाण्याचं मत.

हाडांच्या डॉक्टरकडे जा. तुझी भावजय म्हणते, नणंदबाईंना तुम्हीच हाताला धरून न्या. मी म्हटलं, ताईला हाताला धरून नेणारा अजून जन्माला यायचाय.

धाकट्यावर लोभ असतोच, तो कामालाही लावावा.

तुझा खटपट्या

ता. ३० ऑगस्ट

चि. खटपट्यास आशीर्वाद, उरलेले सगळे.

जाऊन आले. हाडांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि एमआरआयला पाठवलं. तिथे एक फॉर्म भरून घेतला. मग गुडघ्याभोवती प्लास्टिकचा पिंजरा बसवला, कानांत बोळे घातले आणि अर्धा तास नुसती ठोकाठोक. मी स्वस्थ पडून होते. शेजारच्या बाईंना आत गुदमरलं म्हणे. मला काहीच झालं नाही.

रिपोर्ट निर्मळ आहे. गुडघा वीस वर्षांच्या मुलीसारखा आहे, असं त्यांचा हाताखालचा डॉक्टर म्हणाला. त्रास पहिल्यांदा कधी झाला, असं त्यानेही विचारलं. मी म्हटलं, आठवत नाही. मग त्याने घरी कोण कोण असतं ते विचारलं, आणि ऐकून घेऊन म्हणाला, दुःखात शरीर असे खेळ करतं. झोपेची गोळी लिहून दिली. म्हणजे दुखणं गुडघ्यात नाही, डोक्यात आहे. असेलही.

मास्तरांना रिपोर्ट दाखवला. ते म्हणाले, मग खाली बसून दाखवा. बसले, आणि पुन्हा अडकले. सोमवारपासून बटणं.

फिल्म सोबत पाठवतेय. तुला चाळा हवाच असतो.

अबोला धरू नकोस. माझा धरलेला नाही, तो आपोआप झालाय.

तुझी ताई

ता. ६ सप्टेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि., आणि वि. वि. जरा जास्तच.

फिल्म गॅरेजच्या खिडकीच्या काचेला चिकटवली. चार मेकॅनिक जमले आणि चौघांनी चार मतं दिली. पण कोपऱ्यात बारीक अक्षरांत काय छापलंय ते कुणी वाचलंच नव्हतं. लेफ्ट नी. ताई, हा तुझा डावा गुडघा आहे! वीस वर्षांच्या मुलीसारखा असणारच. तो कधी दुखलाच नाही.

आधी त्या लोकांना चार शिव्या घातल्या. मग डोक्यात प्रकाश पडला. तुमच्या कपडेपटाची ती रीत. मास्तरांचा नियम असा की डावं-उजवं बोलायचं ते टाचणी लावणाऱ्याच्या बाजूने; समोर उभ्या माणसाचा उजवा खांदा म्हणजे तुमचा डावा. फॉर्मवर माणसाचं चित्र होतं का गं, तुझ्याकडे तोंड करून उभं? तू त्याच्या बरोबर गुडघ्यावर खूण केली असशील आणि शेजारी तीस वर्षांच्या सवयीने डावा असं लिहिलं असशील. अशी चूक जगात फक्त तूच करू जाणे. रात्री घरी हे आठवून एवढा हसलो की बायको आतून बाहेर आली.

नंतर हसू ओसरलं. अर्धा तास धडक्या पायाभोवती पिंजरा होता, आणि तुला कळलं नाही?

पुन्हा जा. आणि पहिली वेळ कुठली ते मला अजून कळलेलं नाही.

राग आला तर येऊ दे, लोभ आटू देऊ नकोस.

तुझा खटपट्या

ता. ११ सप्टेंबर

चि. खटपट्यास आशीर्वाद.

फॉर्मवर चित्र होतं. तू म्हणतोस तसंच झालं.

पण मला कळलं होतं. त्या पोराने डाव्या पायाभोवती पिंजरा बसवला तेव्हाच कळलं. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं की बाबा रे, हा नाही, तो. मी म्हटलं नाही. का, ते तुला सांगायला पाच दिवस लागले.

एप्रिलातली गोष्ट. कामाला येणारी बाई आली नव्हती. दुपारी ह्यांना मी एकटीनेच पलंगावरून खुर्चीत घेत होते. रोजचंच काम. माझी चप्पल चटईत अडकली, पाय तिथेच राहिला आणि अंग वळलं. गुडघ्यात कट्‌ झालं आणि माझे हात सुटले. मी सोडलं त्यांना, खटपट्या. ते पलंगाच्या कडेने घसरत खाली गेले. मलाही उठता येईना. शेजारी येईपर्यंत तासभर आम्ही दोघं जमिनीवर होतो. त्या तासात काय बोललो, बोललो की नाही, काहीसुद्धा आठवत नाही. अकराव्या दिवशी ते गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, पडण्याचा काही संबंध नाही. डॉक्टर तसंच म्हणणार.

पहिली वेळ सांगायची म्हणजे हे सांगावं लागतं. म्हणून त्या डॉक्टरला आठवत नाही म्हटलं, आणि तुला उत्तरच दिलं नाही.

आणि आणखी एक. सगळं बधिर झालंय, फक्त गुडघा दुखतो. तेवढीच एक जागा आहे जिथे मला काही कळतं. पिंजरा चुकीच्या पायाला बसला तेव्हा मला बरंच वाटलं. तो बरा झाला तर मग काहीच उरायचं नाही, असं वाटलं. वेडेपणा आहे. पण वाटलं.

बटणं लावते. दिवसाला दोन-अडीचशे होतात. मला तिथे बसायचं नाहीये.

जमलं तर पहिल्यासारखाच लोभ ठेव. नाही जमलं तर तसं कळव.

ताई

ता. १५ सप्टेंबर

ती. ताईस, सा. न.

मला माहीत होतं.

तुम्ही पडलात त्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊजींचा मला फोन आला होता. म्हणाले, काल मी तुझ्या ताईला घेऊन पडलो, तिचा गुडघा दुखावलाय. ती म्हणेल काही नाही, तू तिचं ऐकू नकोस, दाखवून आण. मी हो म्हटलं. या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असं करता करता ते गेले. त्यानंतर तुझ्यासमोर हा विषय काढायला माझी जीभ रेटेना. मग तुझं पत्र आलं आणि मी शहाणपणा केला. चोरी कबूल करून घ्यावी तसं तुला विचारत बसलो, पहिली वेळ कुठली, पहिली वेळ कुठली. स्वतः मात्र बोललो नाही. चूक झाली, ताई. कान धरतो.

तुला आठवत नाही तो तास त्यांनी मला सांगितलाय. आवाज खोल गेला होता, पण हसत होते. म्हणाले, वर्षभर ती खोलीत येते ती काहीतरी करायलाच येते. औषध, चादर, भांडं. काल पहिल्यांदा तासभर शेजारी बसली, पाय अडकला म्हणून का होईना. तुम्ही दोघांनी पलंगाखाली काय काय हरवलंय ते मोजलं म्हणे. तीन टाचण्या, एक मोजा आणि त्यांचा चष्मा, जो मोलकरणीने चोरला असं तू सहा महिने म्हणत होतीस. यावरून तुमचं भांडण झालं आणि तूच हसलीस. बरा वेळ गेला, असं म्हणाले. हे त्यांचे शब्द, माझे नाहीत. समजूत घालायला मला एवढं सुचलं नसतं.

डॉक्टरांना सगळं सांग. ऑपरेशन ठरलं तर मी रजा काढून येतो.

तुझ्या लोभावर माझा हक्क आहे, तो सोडणार नाही.

खटपट्या

ता. २९ सप्टेंबर

चि. खटपट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस काही केलं नाही. तो तास मला अजूनही आठवत नाही. चष्मा मात्र कपाटात आहे, तो कुठे सापडला असा मला प्रश्नच पडला नव्हता.

काल पुन्हा गेले. फिल्म उजव्या पायाची काढली. या वेळी मोठ्या डॉक्टरांनी स्वतः पाहिलं. गुडघ्यातली गादी फाटलीय, तिचा तुकडा सांध्यात येऊन अडकतो, म्हणून पाय अडतो. आतला एक बंधही सैल झालाय, म्हणून तो दगा देतो. तू अडाणी असूनसुद्धा बरोबर निघालास, फार फुगू नकोस. दुर्बिणीचं ऑपरेशन चौदा तारखेला आहे. चालणं नक्की सुधारेल म्हणाले, गुडघे टेकण्याचं वचन देत नाहीत. मी मास्तरांकडे गेले आणि सांगितलं, मला खाली बसता येणार नसेल तर नटांना टेबलावर उभं करा, घेर माझ्या डोळ्यांसमोर येईल. ते कुरकुरले, पण नाही म्हणाले नाहीत. बरी होऊन आले की करून बघू, म्हणाले.

डॉक्टरांनी विचारलं, पहिल्यांदा कधी. मी तारीख सांगितली. कसं, तेही सांगितलं, हात सुटल्याचंसुद्धा. त्यांनी मान हलवून कागदावर एक ओळ लिहिली. मी ती उलटी वाचली. लिहिलं होतं, जड वस्तू उचलताना. मी गप्पच बसणार होते. मग म्हटलं, डॉक्टर, वस्तू नाही. माझा नवरा होता तो.

त्यांनी ते खोडलं आणि नवऱ्याला उचलताना असं लिहिलं. मला रडू आलं. तिथेच, त्यांच्या टेबलाशी, बाहेर सात-आठ माणसं खोळंबलेली असताना, कितीतरी वेळ.

तेराला ये. लोभ घेऊन ये.

तुझी ताई