शेजारच्या सीटची पाळी

२ जानेवारी

पोहोचलो एकदाचे. लाकूड कापायचा कारखाना डोंगरावर, खाली गावात उतरायला वळणावळणाचा एकच रस्ता. राहायला दोन खोल्या. दारं नीट लागतात, खिडक्यांना काचा आहेत, म्हणजे मागच्या घरापेक्षा आम्ही चैनीतच! बायकोने आल्या आल्या उन्हाचा कोपरा हेरून पाळण्याची जागा ठरवून टाकली. बाळाला अजून महिना आहे, पण हिला दम कुठला.

मालकांनी ट्रक दाखवला. सकाळी चालू होत नाही, बाकी तब्येत उत्तम, म्हणाले. मी म्हटलं, याहून म्हातारे पळवलेत मी. पण दवाखाना खाली गावात, आणि इथे चाकं असलेली ही एकच वस्तू. तेव्हा महिन्याच्या आत याचं दुखणं काढणं मालकांपेक्षा माझ्या गरजेचं आहे.

वडीलही मेकॅनिक. काय बिघडलं, काय केलं, ते रोज लिहायचे. ती खोड मलाही लागली आहे.

३ जानेवारी

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. थंडीत लोखंड गारठतं, मग कुरकुर सुरू. बॅटरीचे टर्मिनल पांढरे पडले होते, ते घासले. गाळाने भरलेला फिल्टर बदलला. हातपंप मारून लायनीतली हवा काढली. इंजिन तापवणारे हीटर काढून पाहिले, छान लाल होतात. जेवताना बायकोला सांगितलं, उद्या सेल्फ मारला की चालू. ती म्हणाली, तुझा उद्या मला चांगला माहीत आहे.

४ जानेवारी

नाक कापलं गेलं. सेल्फ जोरात फिरतो, मागून पांढरा धूर येतो, म्हणजे डिझेल पोहोचतंय पण पेटत नाही. सगळे कामगार गोळा होऊन बघत होते. शेवटी करवतीवरचा माणूस न सांगता शेजारच्या सीटवर चढला आणि दोन्ही तळवे समोरच्या पत्र्यावर टेकून बसला. मी सेल्फ मारला. अर्ध्या फेऱ्यात चालू.

मुकादम म्हणाला, "मिस्त्री, रिकाम्या सीटवर हा सुरू होत नाही. इथे पाळी असते."

पोट दुखेपर्यंत हसलो. बाकी कुणी हसलं नाही. ही माणसं कशालाच हसत नाहीत.

७ जानेवारी

इथे उकळता चहा फुंकर न मारता पितात. करवतीवरच्या माणसाचं बोट कापलं, रक्त फळीवर ओघळत होतं आणि हा फळी ढकलतोय. मुकादमाचे वडील गेल्याचा निरोप आला. तो "बरं" म्हणाला आणि फळ्या रचायला गेला.

माझा अंदाज असा: सीटवर वजन पडलं की खालची एखादी सैल वायर टेकत असणार. सीट उचलून पाहिली. वायर नाही. नुसता पत्रा, आणि बर्फासारखा गार. आता एकच उपाय, रोज मीच तिथे बसायचं, मुकादमाने सेल्फ मारायचा आणि मी कान लावून दोष पकडायचा. सगळ्यांच्या पाळ्या रद्द करून टाकल्या. तेवढंच हे खूळ जाईल त्यांच्या डोक्यातून.

१२ जानेवारी

रोज पहिल्या झटक्यात चालू होतोय. दोष सापडत नाही.

आज करवतीवरचा माणूस गाणं म्हणत होता. मुकादम फळ्यांच्या आड बसून वडिलांसाठी दुपारभर रडला. बायको म्हणते, तुझे हात गार लागतात. थंडीच आहे तशी.

१८ जानेवारी

तापलेल्या सायलेन्सरला हात लागला. कातडं जळल्याचा वास आला तेव्हा कळलं. किंचाळली ती बायको, मी नाही. मोठा फोड आहे. दुखत नाही.

रात्री तिने माझा तळवा पोटावर ठेवला. बाळ लाथ मारतंय, कळलं का, विचारलं. मी हो म्हटलं. तिला बरं वाटावं म्हणून.

२३ जानेवारी

आता कळलं आहे. ट्रकला ऊब लागते, आणि माणसातली लागते. मुकादमाला म्हटलं, उद्यापासून मी बसणार नाही. तो खाली बघत म्हणाला, आम्ही सांगितलं होतं तुम्हाला. मग म्हणाला, सव्वीस जानेवारीच्या सुट्टीनंतर पुन्हा पाळ्या लावू. सगळे पायवाटेने खाली गेले. वर आम्ही दोघंच.

भीती वाटायला हवी. वाटत नाही. एवढं मात्र लिहून ठेवतो: ही त्या सीटवर बसणार नाही. काही झालं तरी.

२४ जानेवारी

उजाडताच हिला कळा. फोनला रेंज नाही.

मी शेजारच्या सीटवर बसलो, हात लांब करून किल्ली फिरवली. नाही. पुन्हा हवा काढली. इंजिनावर कढत पाणी ओतलं. हवेच्या तोंडाशी पेटतं फडकं धरलं. पांढरा धूर. पुन्हा बसलो — माझ्यात काही उरलेलं नाही.

ही भिंत धरत बाहेर आली. मी नको म्हटलं. एकदाच म्हटलं. ती चढली — माझं बघून तळवे टेकले —

अर्ध्या फेऱ्यात चालू.

दुसऱ्या वळणावर ती म्हणाली, "दुखायचं थांबलं."

२५ जानेवारी

मुलगी. नर्सने हातात दिली, म्हणाली, बघा किती ऊबदार आहे. असेल.

नाव काय ठेवायचं, हिला विचारलं. काहीही, म्हणाली. छताकडे बघत होती.

२८ जानेवारी

दवाखान्यातून सोडलं. सकाळ गारठलेली. ट्रक चालू होत नाही.

मुलीला पायरीवरच्या नर्सजवळ देऊन ही सीटवर बसली. धूर. पुन्हा. धूरच. तिच्यातलंही संपलं —

रस्त्यावर माणसं आहेत. कुणालाही हाक मारता येईल. मारावीशी वाटत नाही. ही उतरली, मुलीला घेऊन आली, एकटीला सीटवर ठेवलं. दुपटं सोडलं. म्हणाली, हात टेकायला हवेत ना —

मुलगी रडतेय. मोठ्याने. मला काहीतरी वाटायला हवं, एवढं कळतं. वही मांडीवर. एक हात किल्लीवर —

चालू. पहिल्याच — आणि तिचं रडणं थांबलं.