रेडिएटरचं झाकण संपदाला, किल्ली तनयला

मी, श्रीमती इंदिरा मुकुंद गायधनी, वय वर्षे त्र्याहत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार पंचवटी, नाशिक, आज पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने माझ्या मिळकतीची पुढीलप्रमाणे व्यवस्था लावून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. एवढी जुनी गाडी बाळगणाऱ्या बाईचं डोकं तपासून घ्यावं, असं माझ्या मुलाचं म्हणणं आहे, ते त्याच्यापाशी. तब्येत ठणठणीत आहे, इतक्यात मरायचा बेत नाही. पण नेम कोणाचा?

लिहिते आहे घोटीला, यशोदाबाईंच्या चहाच्या हॉटेलात बसून. बाहेर आमची पोपटी बॉनेट उघडून उभी आहे. पोपटी म्हणजे गाडी. रंगावरून नाव पडलं.

१. पंचवटीतील राहता फ्लॅट आणि बँकेतील ठेवी माझा मुलगा तनय व मुलगी संपदा यांना निम्म्या-निम्म्या मिळाव्यात. वकील म्हणाले, एवढ्यावर सही करा आणि मोकळ्या व्हा. अहो, पण भांडण घरावरून असतं तर गोष्ट वेगळी! माझी पोरं दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत ती गाडीवरून. दोन भाऊबीजा ओवाळणीविना गेल्या. संपदा सकाळी येऊन जाते, तनय संध्याकाळी येतो. मी नोकरीभर लोकांचे ट्रंक कॉल जोडून दिले आणि घरातली दोन टोकं जुळवता येईनात, याचं मला फार वाईट वाटतं.

२. सोन्याच्या पाटल्या संपदाला. माझे यजमान कै. नाना यांचं मनगटी घड्याळ तनयला. ते मागे पडतं. तनयही कुठे वेळेवर पोचतो? जमेल दोघांचं.

३. गाडीखाली ठेवायचा पत्र्याचा ट्रे आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना सप्रेम द्यावा. फरशीवर हिरवे डाग पडतात म्हणून त्यांनी मला नोटिशींवर नोटिसा धाडल्या, पण "काकू, गळतंय कुठून?" असं एकदा विचारलं असेल तर शपथ. मात्र डाग पडला की फरशी धुवावीच. इंजिन गार ठेवणारं ते हिरवं कूलंट गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि जिवाला मुकतात.

४. आता पोपटी. नानांचा दंडक होता की कसारा घाटात ही गाडी एकट्याने न्यायची नाही. एकाने रस्ता बघायचा, दुसऱ्याने इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा. काटा मधल्या रेघेवर चढला की एसी बंद, काचा खाली, हीटर पूर्ण सोडायचा. भर मे महिना असला तरी! तरीही उतरला नाही तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं आणि गार होईस्तोवर रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. नाना आणि मी कितीदा तरी घाटात रुसून बसलो असू, पण काटा वर गेला की मला बोलावंच लागायचं, आणि त्यांना ऐकावंच लागायचं. आमचा संसार त्या काट्याने पुष्कळ सांभाळला.

दोन वर्षांपूर्वी कल्याणहून येताना तनय चालवत होता, संपदा काटा बघत होती, मी मागे. तिने सांगितलं, "दादा, चढतोय." तो म्हणाला, "तू गप बस गं, मला कळतं." घाट संपेपर्यंत बॉनेटमधून वाफा. हा पठ्ठ्या उतरला आणि थेट तापलेल्या झाकणाला हात घालायला निघाला. संपदाने फाडकन त्याच्या हातावर मारलं. चार ट्रकवाले हसले. झालं! "सगळ्यांसमोर हात उचललास." "हात वाचवला तुझा, त्याचं काही नाही?" मग रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नळाचं पाणी कोणी भरलं आणि काटा कोणी बघितला नाही, यावर जे जुंपलं ते तिथेच गोठलं.

आमच्या मेकॅनिकने, मोतीराम गांगुर्डेने, दुसऱ्या दिवशी गाडीखाली शिरून सांगितलं, "ताई, कोणाचीच चूक नाय. खालचा रबरी पाइप चिरलाय. लय दिवसांपासून थेंब थेंब गळत आसंल." मी दोघांना फोन केले. तो म्हणाला, "हे तिला सांग." ती म्हणाली, "हे त्याला सांग." दोघंही एका माळेचे मणी.

५. सबब, पोपटीची किल्ली तनयला आणि रेडिएटरचं झाकण संपदाला द्यावं. गाडी दोघांच्या सहीशिवाय विकू नये, भंगारात तर मुळीच देऊ नये. किल्लीवाल्याला झाकणाशिवाय घाट चढता येणार नाही, आणि नुसतं झाकण घेऊन तर कुठेच जाता येत नाही.

६. पान्ह्यांची पेटी, नरसाळं आणि पाण्याचा कॅन मोतीरामला. आज तो माझ्या शब्दाखातर दुकान बंद ठेवून सोबत आला आहे.

७. सही करणार तोच दोघं आली, म्हणून हे वाढवते. "गाडी घोटीला अडकली आहे, ये," एवढाच फोन मी दोघांना वेगवेगळा केला होता. तनय नाशिकहून आला, संपदा देवळाली कॅम्पाहून. एकमेकांना बघून दोघांची तोंडं कडू कारल्यासारखी झाली. तनयने बॉनेटखाली डोकं घातलं आणि हात पुढे केला. लगेच संपदा ओरडली, "दादा, हात मागे!"

त्याने हात मागे घेतला. निमूट. मग म्हणाला, "अगं, पण झाकण आहेच कुठे?"

"मला काय विचारतोस? पडलं असेल. तू खाली बघ, मी इकडे बघते."

आता दोघं रस्त्यावर वाकून शोधताहेत आणि तावातावाने भांडताहेत. यशोदाबाई म्हणतात, "आवो ताई, सांगा ना त्यान्ला, लय ऊन हाय." सांगीन. झाकण माझ्या पर्समध्ये, जपमाळेच्या पिशवीत आहे. चहा उकळेपर्यंत भांडू देत. दोन वर्षांनी भांडण ऐकते आहे, कानाला फार गोड लागतंय. दिवाळीही तोंडावर आली आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खाली नमूद साक्षीदारांसमक्ष त्यावर सही केली आहे.

इंदिरा मुकुंद गायधनी

साक्षीदार:
१. मोतीराम गांगुर्डे, पंचवटी. (गाडी आज गरम झालीच नव्हती, हे मी कोणाला सांगनार नाय.)
२. यशोदाबाई जाखेरे, घोटी. (चहा पाच कप. पोरांनी एकाच बाकड्यावर बसून घेतला.)

स्थळ: घोटी, पोपटीच्या गार बॉनेटवर
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२५, रविवार