शंभर मोजेपर्यंत

आप्पा, तुमचं पिवळं जीपीएस आज विमानात नेलं होतं. नांदेडहून गोव्याला. त्यानं मला इतकं बेजार केलं की इथं खोलीवर येऊन बॅगसुद्धा न उघडता आधी हे लिहायला बसलोय. काम एवढंच होतं: वाटेत चाकूरकडचं ते शेत लागतं, ज्याची खूण तुम्ही यंत्रात ‘वाद’ या नावानं साठवली होती. विमान त्या खुणेवर आलं की खाली बघायचं, आणि वरून बांध दिसतो का नाही ते पक्कं करायचं. तुम्हीच विचारलं होतं. बारावीत मी नापास झालो त्या उन्हाळ्यात, घरात पडून सडू नये म्हणून तुम्ही मला मोजणीला सोबत नेलं होतं. दोन सख्खे भाऊ, एका बांधापायी बोलणं तुटलेलं, आणि तुम्ही मोजणी खात्याचे म्हणून दोघंही तुम्हाला चहा पाजायला टपलेले. तुमचा नेम असा की मोजणी संपेपर्यंत दोन्हीकडचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. बाभळीखाली आपण आपला डबा सोडला. तेवढ्यात डोक्यावरून एक विमान गेलं, बारीक, आवाज मागून फरफटत येणारं. तुम्ही भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून वर बघत म्हणालात, "वरून ह्यो बांध दिसत असंल का रे? दिसत नसंल तर मंग हे दोघं कशापायी मरून राहिलेत?" मी म्हणालो, "मी विमानात बसलो की बघून सांगतो." तुम्ही हसलात. "विमानात बसशील तू. एका जागी मात्र बसायचा न्हाईस."

ते यंत्र ऑफिसचं नव्हतं, तुमच्या हौसेचं होतं. बांध ठरवायला त्याचा काही उपयोग नाही हे तुम्हीच सांगायचात. तीन-चार मीटर इकडंतिकडं दाखवतं, आणि आपल्याकडं तीन-चार मीटरला कुऱ्हाडी निघतात. पण हद्दीचे जुने दगड पुन्हा सापडावेत म्हणून तुम्ही जागा साठवून ठेवायचात, आणि त्याची तुमची एक रीत होती. यंत्र छातीशी धरून खांबासारखं उभं राहायचं, ओठांतल्या ओठांत शंभरापर्यंत मोजायचं आणि मगच बटण दाबायचं. मध्ये कुणी हाक मारली तरी मान वळायची नाही. "पाय थांबल्याबिगर जागा लागत न्हाई." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा राग यायचा. दुसरी तुमची शिकवण उंचीची. शेतात उभं राहून जागा साठवली तर यंत्र आपोआप उंचीही लावतं. घरात बसून हातानं आकडे भरले तर उंचीच्या जागी नुसत्या रेघा राहतात. तुमच्या ऑफिसातल्या एकानं शेतावर न जाताच आकडे आणले होते, तेव्हा तुम्ही त्याला चारचौघांत विचारलं होतं, "साहेब, जाऊन आलात म्हणता, मंग उंची कुठं ठिवून आलात?" घरी येऊन हा किस्सा तुम्ही तीन दिवस सांगत होतात.

आता आजचं. विमानतळाबाहेर उघड्या आभाळाखाली मला चांगला पाऊण तास होता. यंत्र नऊ वर्षं बंद. काल रात्री सेलच्या जागेवरचा हिरवा गंज घासून काढला, नवे सेल घातले, ते सुरू झालं हेच नवल. इतकी वर्षं झोपलेल्या यंत्राला पहिल्यांदा उपग्रह सापडायला वेळ लागतो, आणि त्यासाठी एका जागी उभं राहावं लागतं, हे मला माहीत होतं. पण शेजारी एका माणसाच्या बॅगेचं चाक निखळलं. ते बसवत बसलो. माणूस देगलूरचा, बायकोशी तेलुगूत भांडत होता आणि माझ्याशी मराठीत हसत होता. मग चाकावरून विषय गेला त्याच्या ट्रॅक्टरवर, ट्रॅक्टरवरून हळदीवर. म्हटलं, यंत्राचं आत गेल्यावर बघू. आत छत असतं हे आत गेल्यावर लक्षात आलं.

तपासणीवरच्या पोलिसानं यंत्र उलटंसुलटं केलं. "वॉकीटॉकी हाय का?"

"न्हाई साहेब, जीपीएस हाय. वडिलांचं."

"ह्याच्यावरून कुणाशी बोलता येतं का?"

"बोलत न्हाई ते. नुसतं ऐकतं."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याची चेष्टाच करून राहिलोय. मग मोठ्या साहेबाला बोलावलं, त्यानं सेल काढून बघितले, परत घातले आणि जा म्हणाला. ते उत्तर तुमचंच होतं, आप्पा. कुणी शेतकऱ्यानं विचारलं की तुम्ही तेच सांगायचात.

नांदेड ते चाकूर विमानाला दहा-बारा मिनिटं. त्यातली पहिली आठ-नऊ मिनिटं सगळं बंद ठेवा म्हणून ती हवाईसुंदरी डोक्यावर उभी. आणि माझी खुर्ची मधल्या वाटेकडची, कारण तिकीट काढताना माझं लक्ष भलतीकडंच. खिडकीत उमरीच्या एक मावशी, डोक्यावरून पदर, मांडीवर पिशवी. पट्टे बांधायचा दिवा विझल्याबरोबर मी म्हणालो, "मावशी, दहा मिनटं जागा बदलता का?"

"का? मळमळून राहिलं का तुला?"

"न्हाई, हे यंत्र काचेला लावायचंय."

"मंग दे मी लावते. जावयानं खिडकीचं तिकीट काढून दिलंय बाबा, मी न्हाई उठत." यंत्र हातात घेऊन त्यांनी कानाला लावलं. "रेडू हाय?"

"आपण कुठं हाव ते सांगतं."

"विमानात हाव की. त्याला यंत्र कशाला पाहिजे?"

मी म्हणालो, काचेला लावून धरा, हलवू नका, शंभरापर्यंत मोजा. त्या मोजायला लागल्या, मोठ्यानं, पुढच्या रांगेतले वळून बघेपर्यंत. एकेचाळीसला "अगं बाई, तळं बघ!" म्हणून त्यांनी हात काढला. मग पुन्हा पहिल्यापासून. पडद्यावर उपग्रहांचे पोकळ गोल येत होते आणि विझत होते. एक भरला, दुसरा भरता भरता गेला. विमान पळतंय तासाला पाचशे-सहाशेच्या वेगानं आणि यंत्राला पाहिजे थांबलेला माणूस. शेवटी त्यानं इंग्रजीत विचारलं, तुम्ही घरात आहात का? हो किंवा नाही दाबा. मला असा संताप आला की वाटलं, द्यावं फेकून. पलीकडच्या रांगेतला एक पोरगा म्हणाला, "भाऊ, मोबाईलवर बघा की, त्याच्यावर पण दिसतं." दिसत असेल. मोबाईलमध्ये तुमची खूण नाही ना पण.

घड्याळावरून चाकूर आलं आणि गेलं असणार. मी मावशींच्या अंगावरून वाकून बघत होतो तर त्यांचा पदरच डोळ्यासमोर. म्हणून विचारलं, "मावशी, खाली बांध दिसतात का?"

"दिसतात की. गोधडीचे टाके दिसावेत तसे."

"कुणाचा कोणता, कळतं का?"

"ते मला काय इचारतोस? तलाठ्याला इचार."

एवढंच उत्तर मिळालं, आप्पा, आणि तेही दुसऱ्याच्या डोळ्यांनी. बांध दिसतात. आपला होता का तो, माहीत नाही. मी तुमच्यावरच चिडलो. म्हटलं, मरताना माणूस पोराला घड्याळ देतो, अंगठी देतो, तुम्ही हे दिलंत. ऑफिसात नवी यंत्रं आली तेव्हा हे माझ्या हातात ठेवून म्हणालात, "ठेव. निघायच्या आधी जागा लावून घेत जा. आन् कधीतरी यादी बघ त्याच्यातली." मी कपाटात टाकलं. दोन महिन्यांनी तुम्ही गेलात. यादी मी बघितली नाही. काल सेल घातल्यावरसुद्धा ‘वाद’ तेवढं नावानं शोधलं आणि बंद केलं, कारण यादीत काय असणार ते मला ठाऊक होतं.

मी घराबाहेर पडलो की तुम्ही फोनवर विचारायचात, "कुठं हायस?" गावाचं नाव सांगून भागायचं नाही. "आकडे पाठव." मग मी मोबाईलमध्ये बघून अक्षांश-रेखांश पाठवायचो आणि तुम्ही ते यंत्रात भरायचात, इंग्रजी अक्षरात, ‘मुलगा एक’, ‘मुलगा दोन’. एक हैदराबादचं, हॉटेलच्या भटारखान्यातलं. दोन नांदेड, मोबाईलचं दुकान. तीन कोल्हापूर, तिथं मी काय करत होतो ते मलाही नीट सांगता येणार नाही. चार पुणे. पुण्यात कॉम्प्युटरचा क्लास लावला म्हणून तुम्ही ऑफिसात पेढे वाटले होते. तो क्लास मी आठ दिवसांत सोडला. रेल्वेत बसलो, पण आपल्या लातूरला, घरी उतरायची हिंमत झाली नाही, बसून राहिलो आणि पुढं उदगीरला उतरलो. एका मित्राच्या मामाच्या डाळमिलमध्ये पोती शिवायला लागलो. तुमचा फोन आला. "पुण्यात कुठं? आकडे पाठव." मी उदगीरच्या मिलच्या ओट्यावर बसून नकाशात पुण्याच्या एका चौकावर बोट ठेवलं आणि तिथले आकडे पाठवले. खोटं सगळेच बोलतात. अंश, मिनिटं आणि सेकंदांत बोलणारा मी एकटाच असेन.

असो. लातूर मागं पडल्यावर, सगळं हातचं गेल्यावर, मावशींना डुलकी लागली. यंत्र त्यांच्या हातात होतं, हात काचेला टेकलेला, आणि झोपेत त्यांचा हात काही हलत नव्हता. पाच-सहा मिनिटांनी बारीक आवाज झाला. जागा लागली होती. मी हळूच यंत्र काढून घेतलं आणि ‘जवळच्या खुणा’ दाबलं, ‘वाद’ किती मागं राहिला तेवढं तरी बघावं म्हणून. पहिलं आलं ‘घर’, एकेचाळीस किलोमीटर. मग ‘वाद’, त्र्याहत्तर. मग ‘मुलगा पाच’, एकोणनव्वद.

पाच मी कधी पाठवलंच नव्हतं. आधी वाटलं, माझाच मोजायचा घोटाळा. उघडून बघितलं. जागा उदगीरची. तारीख मी पुण्यात होतो म्हणे त्या दिवसांतली, दिवाळीनंतरची. आणि खाली उंची, सहाशे चाळीस मीटर. मग ‘मुलगा चार’ उघडलं. तिथं उंचीच्या जागी रेघा.

म्हणजे तुम्ही आला होतात. कुणी सांगितलं म्हणून, का मोजणीच्या कामानंच तिकडं आला होतात, देव जाणे. मिलसमोर उभे राहिलात, पाय थांबवलेत, मोजलंत, बटण दाबलंत आणि निघून गेलात. हाक मारली नाहीत. महिनाभरानं मी घरी परत आलो तेव्हा जेवताना एवढंच म्हणालात, "पुण्याची हवा मानवली न्हाई वाटतं." मी म्हणालो, "हाव, लई गर्दी." तुम्ही पुढं विचारलं नाहीत. नंतरचे महिने आपण एका घरात होतो, एका ताटातली चटणी घेत होतो, आणि तुम्ही बोललात ते फक्त यंत्राबद्दल. चारचौघांत साहेबाला विचारलंत ना, उंची कुठंय म्हणून? मग मला का नाही विचारलंत? एक मुस्काटात दिली असती तरी चाललं असतं. यादी बघ म्हणे. माझ्यासारख्याला कुणी यादी बघ म्हणून सांगतं का, आप्पा? मी नऊ वर्षं लावली.

मावशी जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "सापडलं का रे, कुठं हाव ते?" मी म्हणालो, सापडलं. त्यांनी पिशवीतून दशमी काढून दिली, मी खाल्ली. त्यांच्या लेकीचं बाळंतपण, जावयाचं हॉटेल, सगळं ऐकलं. उतरताना त्या म्हणाल्या, "आईला फोन कर, पोचलो म्हण." अजून केला नाही. हे आधी लिहायला घेतलं, जे कुठं पाठवायचं नाही.

एक राहिलंय. वर लिहिलंय की पाच नंबर बघून मला आधी घोटाळा वाटला. तसं वाटलं नव्हतं. त्या दिवशी दुपारी मी मिलच्या दारातून बघितलं, तर रस्त्यापलीकडं लिंबाखाली एक माणूस खांबासारखा उभा होता, छातीशी काहीतरी पिवळं धरून, ओठ हलत होते. मी पोत्यांच्या थप्पीमागं सरकलो. नऊ वर्षं स्वतःला सांगत आलो की तो दुसरा कुणी असेल. पण मी तिथं उकिडवा बसून शंभर मोजले, आप्पा. शंभर झाल्यावर तुम्ही निघून जाता हे मला माहीत होतं.