परतूरचे मीठ

मी, रामराव दाजीबा बागल, वय बावन्न, धंदा शेती, राहणार मौजे सातोना, तालुका परतूर, हे मृत्युपत्र माझ्या खुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. छातीत मात्र या थंडीत दोनदा कळ येऊन गेली, म्हणून ही घाई. कोणाचा दाब माझ्यावर नाही. लाजेचा आहे, पण तिला कचेरीत उभी करता येत नाही.

कलम पहिले. राहते घर माझी पत्नी तुळजाबाई हिच्या ताब्यात तिच्या हयातीपर्यंत राहील, नंतर मुलगा मार्तंड याच्या. तिला कोणी "जरा सरकून बसा" असेही म्हणू नये. तिचे माहेर परतूर. अठरा वर्षे ती माहेरच्या लग्नाबारशांना एकटी जाते आणि तिथे माझ्या पोटदुखीचे वर्णन करते. इतकी वर्षे कोणाचे पोट दुखत नाही हे तिच्या भावांनाही कळते, पण तिने माझे नाव खाली पडू दिले नाही. हे लिहितानाही मान वर होत नाही.

कलम दुसरे. सोन्याच्या पाटल्या मुलगी पुष्पा हिला. त्या तिच्या आजीच्या. उद्या घरात सून आली तर तिने यावरून तोंड वाकडे करू नये.

कलम तिसरे. चुलतभाऊ काकासाहेब यांस एक पायली मीठ. पंक्तीत पाने वाढायला घेतली की हे गृहस्थ दरवेळी ओरडतात, "रामरावाला मीठ आधी वाढा हो, त्याचं परतूरला गेलंय!" पंगत हसते आणि मीही हसतो. आता त्यांनी पायलीभर मीठ पुरवून पुरवून खावे.

मिठाचे हे प्रकरण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो. आमच्याकडे आट्यापाट्या खेळतात. मैदानात आडव्या पाट्या आखायच्या, प्रत्येक पाटीवर एकेक गडी उभा, आणि समोरच्यांनी अंगाला हात लागू न देता एकेक पाटी ओलांडत जायचे. शेवटची ती लोणपाटी. तिच्यापलीकडे आमच्या भागात खरोखर मिठाची वाटी ठेवतात. ते मीठ मुठीत घेऊन जो परत येईल त्याने लोण केले.

मी आमच्या गावचा लोणपाटीचा गडी. माझ्या पाटीवरून मीठ जात नाही असा लौकिक होता आणि तो मी स्वतःच जास्त सांगत असे. अठरा वर्षांपूर्वी माघात परतूरला सामना झाला. त्यांचा कडूबा नावाचा एक काडीपैलवान समोर आला. त्याने डावीकडे हूल दिली. मी झेप घेतली ती थेट मातीत, तोंडावर. तो उजवीकडून गेला, मीठ घेऊन परतला, आणि सारे मैदान हसले.

इथवर काही बिघडले नव्हते. हूल कोणालाही बसते. पण मी उठलो, धोतर झटकले आणि डाव चालू असताना पाटी सोडून स्टेशनाकडे चालू लागलो. माझा जोडीदार कचरू हाका मारत होता. मी मागे पाहिले नाही. आमची लोणपाटी रिकामी राहिली.

त्यानंतर परतुरात पाऊल नाही. कापूस जालन्याला नेतो, हेलपाटा पडला तरी पडो. वाटेत गाडी परतूरला थांबली की तोंडावर उपरणे ओढून झोपेचे सोंग घेतो. तिकीट तपासनिसाला हे इतके पाठ झाले आहे की परतूर मागे पडल्यावर तो स्वतःच मला हलवतो.

कलम चौथे. मळ्याची जमीन मार्तंडास, परंतु वकिलीची परीक्षा पास झाल्यावरच. एकदा नापास झाला, त्याला दोन वर्षे झाली. पुस्तके फडक्यात बांधून माळ्यावर टाकली आहेत. कोणी विचारले की "मला जमत न्हाई" म्हणतो. तुळजाबाईने मला त्याच्याकडे धाडले. मी म्हणालो, "पडला तर पडला. परत बस."

तो शांतपणे म्हणाला, "आबा, तुम्ही परतूरला गेल्ते का परत?"

मी तिथून उठलो. उत्तर म्हणून हे कलम लिहिले.

नोंद परतूरच्या कचेरीत करावी लागते. कारकुनाला घरी बोलावता येईल का, याची मी चौकशी केली. तुळजाबाई म्हणाली, "कशाला खर्चा? पाय बराबर हायेत तुमचे. मेल्यावर कागद जाईलच की परतूरला. त्याच्याआधी तुम्ही जिते जा."

पुढील मजकूर परतूर मुक्कामी लिहिला.

मार्तंड सोबत आला, माझी छाती सांभाळायला; कचरू साक्षीसाठी मागच्या गाडीने येणार होता. कचेरीच्या आवारात लिंबाखाली कडूबा बसला होता, कोणाच्या तरी साक्षीला आलेला. दात गेले आहेत, पण चेहरा विसरणे माझ्या हाती नव्हते. पुढे गेलो, नाव सांगितले आणि म्हणालो, "तुम्ही माझ्या पाटीवरून मीठ नेलं होतं."

"मीठ?" तो विचारात पडला. "ते काही याद न्हाई बुवा. लई लोणं केली. पण तुमी निघून गेल्ते ते याद हाय. रातच्याला त्याच मिठाचं वरण केलतं, दोन्ही गावं एका पंक्तीला बसलो. तुमची पत्रावळ वाढून ठेवलती. मंग कुत्र्यानं खाल्ली."

"लोक हसले होते," मी म्हणालो.

"हसलेच की! तुमी गेल्यावर मी बी तोंडावर पडलो. तुमच्या कचरूनंच पाडलं. माझ्यावर जास्ती हसले. मंग उठलो अन् पुन्हा गेलो. पडून राहून काय करता?"

सामन्याचे मीठ रात्री दोन्ही बाजूंच्या वरणात पडते, ही रीत मला लहानपणापासून माहीत. ते वरण खाल्ले की डाव मिटला. मी जेवलो नाही, म्हणून माझा डाव अठरा वर्षे चालूच राहिला, एकट्याचा. त्यापायी बायकोला तिच्या माहेरी एकटी पाडली आणि मुलाला पळायला शिकवले. पडल्याची लाज आता वाटत नाही. याची वाटते, फार वाटते.

सबब कलम चौथे खोडले आहे. खोडाखोड माझ्या हातची समजावी. मळ्याची जमीन मार्तंडास बिनशर्त, तो पास होवो न होवो. ज्याने स्वतः पाटी सोडली त्याने दुसऱ्याला अट घालू नये.

कलम पाचवे. नदीकाठची माझी मोकळी जागा, जिथे गाव पाट्या आखते, ती खेळासाठीच राहील. कोणी नांगरू नये. कुदळ, फावडे आणि मिठाची लाकडी वाटी कचरूकडे. मात्र या माघात सातोन्याच्या लोणपाटीवर मी उभा राहणार आहे. हूल बसेल, पडेन, लोक हसतील. वरण जेवल्याशिवाय घरी जाणार नाही.

काकासाहेबांचे कलम तसेच ठेवले आहे.

दुपारी कडूबाने जेवायला नेले.  पानावर बसल्यावर मार्तंड हळूच म्हणाला, "आबा, त्याच्याकडं जाताना भ्या वाटलं का?"

"लई," मी म्हणालो. "अजून वाटून राह्यलंय."

त्याने वाढणारीकडे मीठ मागून घेतले. मग म्हणाला, "माळ्यावरची पुस्तकं काढायला घरी गेल्यावर शिडी लागंल."

मी मान खाली घालून वरण खाल्ले.

सही : रामराव दाजीबा बागल
साक्षीदार : कचरू सखाराम, राहणार सातोना, सही
साक्षीदार : कडूबा लिंबाजी, राहणार परतूर, निशाणी अंगठा
तारीख : पौष वद्य पंचमी, फसली सन १३४७
स्थळ : परतूर. घरून निघताना येथे सातोना लिहिले होते, ते खोडले.