बिऱ्हाडाच्या गाडीतला कडबा

आबा, दोन महिन्यांपूर्वी उमरग्यात आमच्या संस्थेच्या कचेरीत बसून मी तुमच्या कामाचे नियम लिहिले. टेम्पोवाल्यांची आणि गाडीवाल्यांची सहकारी संस्था आहे, मी तिथं कारकून आहे. बदलीची बिऱ्हाडं हलवायचं काम संस्थेनं तेव्हा नुकतंच घेतलं होतं. पहिल्याच महिन्यात दोर कापून फेकलेले, पोती फाडलेली, पेट्यांच्या फळ्या चुलीत गेलेल्या, हे बघून चेअरमन मला म्हणाले, "बाई, तुमच्या घरात हाच धंदा होता म्हणे. एका कागदावर लिहा सगळं, भिंतीला लावू." मी लगेच बसले. दोर कापायचा नाही, गाठ सोडायची. म्हणून गाठच सुटेल अशी मारायची. पोती झटकून, उलटी करून उन्हात घालायची. पेटीचे खिळे उपसून, ठोकून सरळ करून डब्यात ठेवायचे. गाडी रिकामी परत आणायची नाही, त्या गावाहून इकडं काय यायचं आहे ते निघायच्या आधीच विचारून ठेवायचं. माणसं जाताना जे टाकून जातात, बूड गेलेली बादली, पाय मोडलेली खुर्ची, ते उकिरड्यावर जाऊ द्यायचं नाही. दुरुस्त करून ज्याच्याकडं नाही त्याला द्यायचं. सगळं तुमच्या तोंडून ऐकलेलं. कडब्याच्या नियमाशी आले आणि माझा हात थांबला.

तुम्ही चौथीपर्यंत शिकलेले. मला शाळेत घालायच्या आधी अक्षरं तुम्हीच शिकवलीत, परक्या लोकांच्या पेट्यांवर, कोळशानं. आत जे असेल ते वर लिहायचं. "भांडी" हा माझ्या हातचा पहिला शब्द. "लिवलं म्हंजी जबाबदारी आली बघ, माय," असं तुम्ही म्हणायचात, आणि मला ती जबाबदारी फार आवडायची. बंद केलेली पेटी मी पुन्हा उघडायला लावायची. आई वैतागायची. तुम्ही कधी वैतागला नाहीत, गपचूप खिळा काढून दाखवायचात. भांड्यांच्या मधे, काचेच्या भोवती आपण कडबा भरायचो, पानासकट, हातानं चुरून मऊ केलेला. तो बिऱ्हाडकरूनं द्यायचा अशी रीत होती. सामान उतरलं की तो परत आणायचा नाही आणि फेकायचाही नाही, शेजारीपाजारी ज्याचं जनावर असेल त्याच्या पदरात घालायचा. घालायच्या आधी वास घ्यायचा, पेटीत काही सांडलं असेल तर कळावं म्हणून. बऱ्या सालात लोक तो हसून घ्यायचे. बहात्तरच्या दुष्काळात मात्र आपली गाडी गावात शिरली की कुणी सामानाकडं बघायचंच नाही, पेट्यांच्या फटीतून बाहेर आलेल्या काड्यांकडं बघायचे.

त्या दिवशी एका गुरुजींचं बिऱ्हाड घेऊन आपण धाराशिवहून बेंबळीला जातो. मी दहा वर्षांची आहे, शाळेला सुट्टी आहे, पेट्यांवरची अक्षरं माझी आहेत. शेजारच्या घरात एक म्हातारी एकटी राहते. तिच्या दारात एक गाय आहे, फासळ्या मोजून घ्याव्यात अशी. बाकीच्यांनी जनावरं छावणीला पाठवलीत, हिनं नाही. "तिथं तिला कोण वळखतंय?" म्हणते. आपण बैल सोडायच्या आधीच ती पदर पसरून उभी. तुम्ही म्हणता, "आज्जी, आदी उतरू तर द्या. न्हाय तर मलाच दावणीला बांधताल." ती म्हणते, "तुला बांधून काय करू रं, दूध थोडंच देणार हाईस!" सगळे हसतात, गुरुजींची बायकोसुद्धा. मी ओसरीवर बसून पेट्या रिकाम्या करते. भांड्यांचा कडबा, पुस्तकांचा कडबा, कंदिलाच्या पेटीतला कडबा, सगळा एका पोत्यात. तुम्ही गाडीवरून विचारता, "वास घेतला का, माय?" मी म्हणते, "व्हय आबा. चांगलाय." तुम्ही पोतं उचलून म्हातारीच्या दारात रितं करता.

दुपारपर्यंत गाय आडवी झाली. तोंडाला फेस, पाय झाडत होती, आणि म्हातारी तिच्या मानेला धरून बसली होती. गुरुजींची बायको आतून एक रिकामी बाटली घेऊन आली. पिकावर फवारायच्या औषधाची होती. निघताना, मी पेटीवर "कंदील" लिहून झाल्यावर, तिनं ती आत खोचली होती. वाटेत बूच निघालं. ती रडत होती. माणसं जमली. त्यातला एक म्हणाला, "ह्यांचं जुनंच हाय. वीख घालायचं आन् मग कातडं न्यायचं." म्हातारीनं मान वर करून त्याला झापलं, "गप रे मुडद्या. ह्यो माणूस मुद्दाम कशाला करंल?" तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "कडबा मीच तपासला. चूक माजी हाय." थोड्या वेळात गाय मेली, तसा तोच माणूस म्हणाला, "मग आता वढा की. काम तर तुमचंच."

दीक्षा घेतली त्या वर्षी, माझ्या जन्माच्या आधी, आपल्या वस्तीनं ठरवलं होतं की मेलेलं ढोर ओढायचं नाही. त्या शब्दापायी गावानं तुमचं काम तोडलं, पाणी तोडलं. तुम्ही गाव सोडलंत, धाराशिवला आलात, गाडी घेतलीत. माणसांचे संसार वाहीन, ढोर वाहणार नाही, असं तुम्ही आईला सांगितलं होतं, आणि ते ती आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायची. त्या दुपारी तुम्ही त्या माणसाकडं पाठ फिरवलीत. म्हातारीला म्हणालात, "आज्जी, दारात कशी पडू देऊ हिला?" मग गाडीत आपली पोती अंथरलीत, जी मी सकाळी झटकून घडी केली होती. फळ्या लावल्यात, गाईला दोर बांधलात आणि बैलांकडून तिला वर ओढून घेतलंत. हात लावायला कुणी आलं नाही. गावाबाहेरच्या खड्ड्यापर्यंत मी गाडीमागं चालत गेले. तुमची पाठ दिसत होती, तोंड दिसत नव्हतं.

बातमी आपल्या आधी धाराशिवला पोचली. ज्या गाडीत ढोर गेलं त्या गाडीत देवघर आणि पाण्याचे हंडे कोण ठेवणार? बिऱ्हाडं येईनाशी झाली. बैल विकले, गाडी विकली. तुम्ही दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलात, तिथला खोकला घेऊन आलात, आणि मी नववीत असताना गेलात. मला एका शब्दानं बोलला नाहीत. एकदाच, खडीवर तुमची भाकरी घेऊन आले होते तेव्हा, हातातला हातोडा खाली ठेवून म्हणालात, "दोगांनी बघायला पायजे हुतं, माय. तुज्या एकटीवर टाकलं, माजं चुकलं." आबा, तुम्ही मला थोबाडीत मारली असतीत तर ती मी कधीच विसरून गेले असते.

चेअरमन तेव्हा म्हणाले, "कडबा जाळा म्हणून लिहा, कटकट नको." मी नाही लिहिलं. मी लिहिलं: पेटीत शेवटी काय घातलं ते बिऱ्हाडकरूला पुन्हा विचारावं. काढलेला कडबा जनावराला देण्याआधी दोन माणसांनी वेगवेगळा वास घ्यावा. एकाच्या शब्दावर जाऊ नये. त्यांनी विचारलं, "दोघं कशाला?" मी म्हणाले, आमच्या वडिलांची तशी पद्धत होती. कागद भिंतीला लागला. हे दुसरं पान मात्र कुठं लावायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. घडी करून खिळ्यांच्या डब्याखाली ठेवते. तो डबा तुमचाच, मी आणलाय इथं.

वास आला होता, आबा. कंदिलाच्या पेटीतला कडबा ओला होता आणि नाकाला झोंबला. रॉकेलचा वास मला माहीत होता, तो हा नव्हता. पण म्हातारी पदर पसरून उभी होती, सगळे हसत होते, तुम्ही माझ्याकडं बघत होतात, आणि मी मनाशी म्हणाले, रॉकेलच असेल. आता गाडीवाले कधीकधी कचेरीच्या दारातून हाक मारतात, "बाई, दुसरा वास घ्यायला तुमीच या की." मी हातातलं काम दाखवते आणि शिपायाला पाठवते. अजून एकदाही गेले नाही.