सहावी सायकल

अहो,

दसऱ्याले धुवाव्या म्हणून तुमच्या भाड्यानं द्यायच्या पाचही सायकली बाहेर काढल्या, तर त्यांच्यामागं सहावी निघाली. लहान पोराची, नवी कोरी! आपल्या घरात तर लहान पोर नाई! पौर्णिमानं आपल्या मनानं लग्न केलं तवापासून तिचं नाव काढलं तरी तुम्ही ताटावरून उठता. तरी धीर करून तिले फोन लावला. म्हणे, "बाबा तर दर रविवारी सायकलनं येतात. आई, तूच काऊन येत नाई?" नातू चार वर्षांचा झाला, अन् मले आज समजलं!

लहान सायकलले हार घातला अन् ती घेऊन पौर्णिमाच्या गावाले, रोहण्याच्या एसटीनं चालली मी. सैपाक केला नाई. यायचं असन तर सायकलनंच येजा, रस्ता तुम्हाले पाठ आहे.

— पौर्णिमाची आई