गेल्या वर्षीचा तोच आठवडा

१२ नोव्हेंबर
आज रुजू झाले. आल्या आल्या खिडकीजवळचं टेबल मिळालं, म्हणजे नशीबच उघडलं म्हणायचं. काम तसं सोपं आहे. देशोदेशीहून दर आठवड्याला कळवतात, की किती जणांचे नमुने तपासले आणि किती जणांना फ्लू निघाला. ते आकडे आपण भरायचे, की भिंतीवरच्या पडद्यावर नकाशा रंगतो. साथ कमी तिथे हिरवा, वाढली की पिवळा, उसळली की लाल. ताई राहते तो देश मी सगळ्यात आधी शोधला. संध्याकाळी तिला फोन करून ऐटीत सांगितलं, की आता तुमच्या शिंकासुद्धा माझ्या हाताखालून जाणार. ती म्हणाली, ढमे, आधी स्वतःचं नाक पूस.

२० नोव्हेंबर
शेजारच्या टेबलावरच्या काकांनी आज इथली खुबी शिकवली. एखाद्या देशाने आकडा पाठवला नाही, तर गेल्या वर्षीचा त्याच आठवड्याचा आकडा त्या जागी आणून ठेवायचा. याला इथे 'ओढणं' म्हणतात. खरा आकडा आला की ओढलेला पुसायचा. कोरं ठेवलं तर काय होतं, असं विचारलं. काका म्हणाले, नकाशावर पांढरा डाग दिसला की मोठ्या बाईंचं डोकं फिरतं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या साहेब. मलाही पटलं. फ्लू दरवर्षी येतो तसाच येणार, त्यात नवीन ते काय?
दुपारी ताईचा निरोप आला. पिल्लूला पहिला दात आला. फोटोत तो तांदळाएवढा दिसतोय. मागोमाग दुसरा निरोप: चावते मेली.

३ डिसेंबर
आज ऑफिसात सगळ्यांना लस टोचली. दंड दुखतोय, बाकी तब्येत ठणठणीत. ताईशी फोनवर पोट दुखेपर्यंत हसले. पिल्लूला घेऊन उन्हाळ्यात येते म्हणाली. मी म्हटलं, सावकाश ये गं, घाई काय आहे. नंतर काकांनी चहा पाजला, चक्क स्वतःच्या पैशांनी.

२५ ऑक्टोबर
फ्लूचा दुसरा हंगाम सुरू झाला. उन्हाळाभर काम नव्हतं, तेव्हा रोजनिशीही बंद होती. ताई यायची होती, राहूनच गेलं. या आठवड्यात तिच्या देशाचा आकडा आला नाही. ओढला. आता हात आपोआप चालतो.

४ नोव्हेंबर
ताईचा फोन आला होता. इमारतीतले निम्मे लोक खोकतायत, पाळणाघरातली बाई तापाने आडवी पडलीय. विमानं अजून चालू आहेत. तिने विचारलं, "ढमे, पिल्लूला घेऊन निघून येऊ का गं?"
मी मान वर करून पडद्याकडे पाहिलं. हिरवा. तिला म्हटलं, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस, मी रोज आकडे बघते ना. बरं म्हणाली. माझ्याहून थोरली, पण माझ्यावर केवढा भरवसा तिचा.

५ नोव्हेंबर
सकाळी वेणी घालताना एकदम डोक्यात आलं. तो हिरवा मीच भरलाय.
ऑफिसात धावत गेले. माझ्या वाट्याचे बहुतेक देश गप्प आहेत. काकांच्या वाट्याचेही. माझे मी ओढत होते, त्यांचे ते ओढत होते, आणि दोघंही एकमेकांचा हिरवा बघून निश्चिंत होतो. मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "रिकामं ठेवायचं नाही."
ताईचा फोन लागत नाही.

१४ नोव्हेंबर
लागत नाही. विमानं बंद झाली. घाई काय म्हणे. माझ्या जिभेला हाड नाही.

२० नोव्हेंबर
ताईचा निरोप आला! पिल्लूला पहिला दात आला म्हणते. टेबलावर डोकं टेकून रडले. काकांनी पाठीवर हात ठेवला, तेही डोळे पुसत होते.
मग आठवलं. पिल्लू दीड वर्षाची आहे. तिला तोंडभर दात आहेत.
फोनमधले जुने निरोप काढले. गेल्या वर्षीचा हाच दिवस. तेच शब्द, तोच फोटो. लिहिलं, ताई, तू आहेस ना?
उत्तर लगेच आलं. चावते मेली.

२६ नोव्हेंबर
काका येत नाहीत. मोठ्या बाईंची खोली बंद. ओढलेला एकूण एक आकडा काल मी पुसला. पडदा पांढरा झाला, पार पांढराफटक. निदान खरं तरी दिसू दे.
आज सकाळी दार मीच उघडलं. आत कुणी नव्हतं. सगळा हिरवा.

३० नोव्हेंबर
रस्त्यात खोकल्याचासुद्धा आवाज नाही. आपल्याच देशाचा आकडा आला नाही. मी ओढला नाही. शपथ. तरी हिरवा—
काकांना फोन केला. पलीकडून म्हणाले, आज मजा आहे, पगार झाला. गेल्या वर्षी याच दिवशी म्हणाले होते. अगदी त्याच आवाजात—

२ डिसेंबर
ताप. बोटं आखडली. ताई, तू येते म्हणत होतीस गं, मीच तुला—
उद्या लिहवणार नाही. हे पान कोरं राहू दे. कोरं म्हणजे कोरं. मला कुणी ओढू नका, माझ्या जागी गेल्या वर्षीचं—

३ डिसेंबर
आज ऑफिसात सगळ्यांना लस टोचली. दंड दुखतोय, बाकी तब्येत ठणठणीत. ताईशी फोनवर पोट दुखेपर्यंत हसले. पिल्लूला घेऊन उन्हाळ्यात येते म्हणाली. मी म्हटलं, सावकाश ये गं, घाई का